समुद्र पूर्वेला हवा होता

हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर भल्या पहाटे ट्रायपॉड रोवून, पश्चिमेकडे तोंड करून सूर्याची वाट पाहणारा इसम दिसला, तर तो पुण्याचा नवशिका सूर्योदयवाला समजावा. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो. उगवतो तो सह्याद्रीमागून. डोंगर-टेकड्या ओलांडून किनाऱ्यावर येईपर्यंत त्याची लाली उतरलेली असते. हा भूगोल त्याने शाळेत पाठ केलेला असतो, पण कॅमेऱ्याचा हप्ता सुरू झाल्यापासून त्याचा भूगोलाशी वादच आहे.

मुंबईत गेटवेसमोरचं बंदर पूर्वेला आहे. तिथे पाण्यावरचा सूर्योदय मिळतो. पण तो फोटो त्याच्या साडूने आधीच काढून दिवाणखान्यात लावलाय.

म्हणून वेल्हे. तालुक्याचं नाव कागदोपत्री आता राजगड झालं असलं तरी हा ‘वेल्ह्याला चाललोय’ असंच सांगतो. पावसाळा सरला की रात्री गार हवा खोऱ्यात उतरून बसते, कानंद आणि गुंजवणीची खोरी धुक्याने काठोकाठ भरतात आणि १,४०३ मीटरांचा तोरणा त्यातून बेटासारखा वर राहतो. कोकणाने नाकारलेला समुद्र त्याला इथे, घाटमाथ्यावर, पूर्वेच्या बाजूला सापडतो.

पाठीवर ट्रायपॉड, तीन लेन्स, फिल्टरांची पेटी. पाण्याची बाटली गाडीत राहिलेली. अंधारात धापा टाकत गडाचा बिनी दरवाजा गाठतानाही तो सोबत्यांना शिकवत असतो, की खरे रंग सूर्य येण्याआधीच्या अर्ध्या तासात असतात. सूर्य वर आला की संपलं. सोबत्यांना मेंगाईच्या देवळाशी बसून पोहे खायचे असतात. याच्या मोबाइलमध्ये सूर्याची दिशा अंशांत दाखवणारं ॲप असतं. त्याचं हे वेड मात्र अगदीच पोकळ नाही. या अक्षांशावर उगवतीची जागा वर्षभरात सुमारे ५० अंश सरकते, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात तोरण्यावरून सूर्य जवळपास राजगड किल्ल्यामागूनच वर येतो. त्या आठवड्यात घरातलं लग्न असलं, तर मुहूर्त कोणी काढला याची तो कसून चौकशी करतो.

ऐन क्षणी कॅमेऱ्यासमोर कोणीतरी उभं राहतंच.

“दादा, जरा बसता का?”

दादा बसतात. त्यांच्यामागून कॉलेजची अख्खी टोळी येते, शिवरायांच्या नावाने गर्जना होते आणि उरलेला सूर्योदय चाळीस डोक्यांच्या फटींतून होतो. तोही त्याने धड पाहिलेला नसतो. सूर्य समोर असताना हा स्क्रीनवर मान घालून, आकाश जास्त उजळलं की काय ते तपासत असतो.

दहा-साडेदहाला खाली उतरून पिठलं-भाकरीपुढे बसला की त्याची वाणी परत येते. मावशी हात पुसून कौतुकाने स्क्रीनवर वाकतात. पांढराशुभ्र समुद्र, पलीकडे राजगड, वर केशरी आभाळ.

“यात आमचं वेल्हं कुठंय?”

“ते ढगाखाली गेलंय, मावशी.”

“म्हंजी सकाळधरनं आम्ही ज्यात खोकत बसलोय, त्योच ह्यो समुद्र!”

त्यावर, धुकं दाट होतं म्हणूनच फोटो जमला, असं तो समजावून सांगू लागतो. मावशी ताक आणायला आत जातात. तोवर त्याने शेजारच्या बाकावरच्या ट्रॅक्टरवाल्याला पहिल्यापासून फोटो दाखवायला घेतलेले असतात.