फाटक साडेआठला बंद होते

आजचं सदर मोबाईलच्या उजेडात लिहितो आहे. ऱ्हस्व-दीर्घ इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

राजापेठेत आमचं दुमजली घर आहे. खाली आम्ही दोघं, वर किरायानं तीन पोरी. एक बँकेत, एक पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये, एक एमपीएससीच्या पुस्तकांत. फाटकावर पाटी आहे: ‘रूम किरायाने देणे आहे. फक्त मुलींसाठी. फाटक रात्री 8.30 ला बंद होते. हुकुमावरून.’ हुकूम माझाच. तेव्हा शहरात एकट्या राहणाऱ्या मुली, त्यांच्या मैत्रिणी आणि त्यांची प्रेमं या विषयावरच्या सिनेमांबद्दल बोलायचा पहिला अधिकार समीक्षकांचा नव्हे, घरमालकांचा आहे, असं माझं नम्र मत आहे.

महिनाभर मी हे सगळं बघतो आहे. हेतू शुद्ध. वरच्या मजल्यावर काय काय चालू असू शकतं, याचा अभ्यास.

सुरुवात अमेरिकेपासून केली. ‘सेक्स अँड द सिटी’. बायकोनं विचारलं तेव्हा फक्त ‘सिटी’ एवढंच सांगितलं. 1998 ते 2004, न्यूयॉर्क, चार मैत्रिणी. त्यातली मुख्य बाई वर्तमानपत्रात सदर लिहिते. त्यावर तिची मॅनहॅटनमध्ये एकटीची खोली आणि सँडलांनी भरलेलं कपाट! मी तिथंच टीव्ही थांबवला. सदर मीही लिहितो. माझ्या मानधनात राजकमल चौकापर्यंतचा ऑटो आणि दोन प्लेट गिलावडा बसतो, आणि येताना पायी यावं लागतं. पुढं कळलं, की तिच्या घराला भाडेनियंत्रणाचा कायदा लागू आहे. म्हणजे एवढ्या सगळ्या स्वातंत्र्याच्या मुळाशी कोणी एक बिचारा घरमालक आहे, ज्याचा किराया वर्षानुवर्षं वाढलेला नाही. 94 भाग झाले मालिकेचे. त्याला कोणी चहासुद्धा विचारला नाही.

मग आपल्याकडची ‘फोर मोर शॉट्स प्लीज’ बघितली. 2019 ची. दक्षिण मुंबई, पुन्हा चार मैत्रिणी, पुन्हा एक ठरलेला बार. रडायचं तरी तिथं, हसायचं तरी तिथं. मी वही घेऊन बसलो होतो. रात्री फाटक कोण उघडतं? उत्तर नाही. नळ किती वाजता येतो? उत्तर नाही. आणि कूलर? अख्ख्या मालिकेत कूलर मला दिसला नाही. ज्यांनी अमरावतीचा मे महिना काढलेला नाही, त्यांनी मैत्रीवर मालिका काढू नयेत. प्रेमभंगात गळ्यात गळा घालणं सोपं असतं हो. रात्री दोन वाजता कूलरमधलं पाणी संपतं, नुसती गरम हवा यायला लागते, तिघीही जाग्या असतात आणि तिघीही झोपेचं सोंग घेतात, तेव्हा बादली घेऊन कोण उठते, ते बघावं. आमच्याकडे लॅबवाली उठते. तिला पहाटे माझं शुगरचं रक्तही काढायचं असतं.

या सिनेमांतल्या पोरी सारख्या कॉफी पीत असतात. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आमच्याच जिल्ह्यात, चिखलदऱ्याला. पण राजापेठेतलं प्रेम अजून कटिंग चहावर आहे, तेही उभ्या उभ्या, तोंडावरचा दुपट्टा नाकापर्यंत उचलून. दुपट्ट्याचं तंत्र मुंबईच्या दिग्दर्शकांना कळायचं नाही. उन्हापासून संरक्षण म्हणून सुरू झालं, आता डिसेंबरातही चालतं. डोळे सोडून सगळं गुंडाळलेलं. सख्ख्या बापालाही पोरगी गाडीच्या नंबरावरून ओळखावी लागते. मग या मैत्रिणी काय करतात, तर गाड्या बदलतात. हिची तिच्याकडे, तिची हिच्याकडे. मागच्या महिन्यात मी बँकवालीच्या गाडीचा इर्विन चौकापर्यंत पाठलाग केला. दुपट्टा सोडला तर आतून एमपीएससीवाली निघाली.

“काका, मी तं लायब्ररीत जाऊन राहिली होती. तुम्ही कुठी?”

मी म्हणालो, औषधं आणायला. राजापेठेत औषधांची दुकानं नाहीत का, असं तिनं विचारलं नाही. तेवढी सभ्य आहे.

मराठीत म्हणाल, तर ‘मुंबई-पुणे-मुंबई’ मला पटला. 2010 साली दोघं एक दिवस पुण्यात भटकली, पोरगी नकार द्यायला गेली आणि प्रेमात पडली. 2015 च्या दुसऱ्या भागात लग्न लागलं, 2018 च्या तिसऱ्यात पाळण्याची तयारी. याला म्हणतात शिस्त. एकटेपणाला मराठी सिनेमा फार तर एक मध्यंतर देतो. त्याआधी 1999 साली ‘बिनधास्त’ आला होता. दोन मैत्रिणी, पडद्यावर पुरुष नट एकही नाही. त्यातही शेवटी खुनाचं प्रकरण निघालंच. मी बायकोला म्हणालो, बघ, बाप्या माणूस घरात नसला की हे असं होतं. ती म्हणाली, “अवो, खून झाला तो कायच्यानं झाला, ते तं सांगा.” मी विषय बदलला.

शिवाय मुलखाचं नावच वऱ्हाड. इथं एकट्या मुलीनं सुखानं राहायचं म्हणजे लग्नाच्या मांडवात उपासाला बसण्यासारखं. ‘पोरगी काय करते’ याचं उत्तर ‘बँकेत आहे’ असं दिलं, तरी पुढचा प्रश्न ठरलेला: आणि मग?

पण एक गोष्ट मला या अभ्यासात अडचणीची सापडली. कौंडण्यपूर इथून फार लांब नाही. तिथल्या राजकन्येनं, रुक्मिणीनं, घरच्यांनी ठरवलेलं शिशुपालाचं स्थळ नाकारलं आणि आपल्या हातानं द्वारकेला पत्र धाडलं. त्यात नुसतं प्रेम नव्हतं, लग्नाच्या आदल्या दिवशी देवीच्या दर्शनाला निघेन, तिथून न्या, असा वेळेसकट पत्ता होता. ते देऊळ म्हणजे आमची अंबादेवी, असं अमरावतीतलं शेंबडं पोरही सांगतं. दमयंतीही विदर्भाचीच. तिनं तर भरमंडपात इंद्र, अग्नी, वरुण, यम, चौघांना बाजूला सारून नळाला माळ घातली. पुढं नळ परागंदा झाला, वेष पालटून बाहुक म्हणून आला, तेव्हा खात्री करायला तिनं कोणाला पाठवलं? वडिलांना नाही. केशिनीला. केशिनी दासी होती खरी, पण काम अस्सल मैत्रिणीचं केलं. जाऊन गप्पा मारल्या, चाल पाहिली, त्यानं रांधलेलं पळवून आणून चाखायला दिलं, आणि येऊन सांगितलं की त्या माणसानं नुसतं पाहिलं की रिकाम्या घागरी भरतात. ज्या शहरात नळ एक दिवसाआड येतो, तिथं असं स्थळ कोण सोडेल?

म्हणजे परंपरा या पोरींच्या बाजूची निघाली. हे वर कळू नये, एवढीच इच्छा आहे.

खरी धास्ती मला वरच्या मजल्याची नाहीच. खालच्या मजल्याची आहे. या शहरात चौकांना टॉकीजची नावं आहेत, श्याम, प्रभात, सरोज, चित्रा. त्या काळी बाया सिनेमाला जथ्यानं जायच्या, पण जायच्या त्या रडायला. 1991 ला ‘माहेरची साडी’ पाहून आमच्या आळीतल्या बाया सुजलेल्या डोळ्यांनी परतल्या आणि मुकाट्यानं कणीक तिंबायला बसल्या. समाज सुरळीत चालला. 2021 ला ‘झिम्मा’ आला. सात बाया नवऱ्यांना, पोरांना मागं ठेवून इंग्लंडला जातात. परत येतात, एवढीच समाधानाची बाब. 2023 ला ‘बाईपण भारी देवा’. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा. आमच्याकडे मंगळागौरीपेक्षा भुलाबाई मोठी, पण बायकोच्या भिशीतल्या अकरा जणी नऊवारी नेसून, गॉगल लावून गेल्या. रडल्याही म्हणे, पण हसून झाल्यावर. त्या रात्री घरी खिचडी झाली. दुसऱ्या दिवशीही खिचडी झाली. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, तर, “कुकर तिथं आहे, दाळ तिथं आहे.”

बरं, आजचं सांगतो. संध्याकाळी मी बडनेऱ्याला लग्नाला गेलो होतो. वरात चार तास उशिरा. वऱ्हाड ते, काय बोलणार? परतलो तर सव्वानऊ. फाटकाला कुलूप. आतले दिवे बंद. बायकोला फोन लावला. मागून गाण्याचा आवाज.

“अवो, पोरींसंगं सिनेमाले आलो. वरच्या तिघीबी आहेत.”

“आणि चावी?”

“एक माह्यापाशी. तीन पोरींपाशी.”

“तीन?”

“बनवून देल्या मी, दोन वर्सं झाले. बँकवालीले मार्चमधे अकरा वाजतेत, तिनं का ओट्यावर बसावं?”

“आणि माझी?”

थोडा वेळ नुसतं गाणं ऐकू आलं.

“तुमची बनवली नाही वो. तुम्ही साडेआठनंतर जाता कुठी? ठेवतो आता, इंटरव्हल संपून राहिला.”

तर मी आमच्याच ओट्यावर बसलो आहे. समोरचे दोनदा खिडकीत येऊन गेले. “कोणाची वाट पाहून राहिले भाऊ?” म्हणाले. मी सांगितलं, हवा छान सुटली आहे. डास चावतात. मोबाईलची बॅटरी 14 टक्के आहे. उजेड वर गेला की पाटी दिसते. तळाशी बारीक अक्षरात एक ओळ मीच लिहून घेतली होती, विसरलो होतो: ‘अडचण असल्यास घरमालकांना फोन करावा.’ पुढं नंबर माझाच आहे.