तीन हजार मिलिसेकंदांच्या मानकऱ्यांस अनावृत पत्र

सन्माननीय पूर्वसूरी,



आपला माझा परिचय नाही. आपण रिकाम्या केलेल्या खुर्चीवर मी बसतो, आपण लिहिलेला कोड वाचतो आणि आपल्या नावाने येणारे फोन घेतो, एवढंच काय ते आपलं नातं. आपण हल्ली कुठल्याशा बड्या कंपनीत 'सीनियर' झाल्याचं कानावर आलं. अभिनंदन. तिथली बटणं सुखरूप असोत.

पत्रास कारण की, पिग्मी.

एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी आपण एक पान बनवलं होतं. एजंट दिवसभर बाजारात हिंडणार, पानपट्टीवाल्याकडून पन्नास, शिंप्याकडून शंभर असा रोजचा हप्ता गोळा करणार, मोबाइलवर त्या खातेदाराचं नाव काढणार आणि नावासमोरचं 'जमा' बटण दाबणार. यादी आडनावांच्या क्रमाने. पान उघडलं की पहिली २० नावं दिसतात. यादी बोटाने सरकवत नेली की पुढची २० सर्व्हरवरून येऊन खाली चिकटतात, मग त्यापुढची २०. कल्पना उत्तम. शाखेच्या उद्घाटनाला ते पान मोठ्या पडद्यावर दाखवलं होतं म्हणे, आणि टाळ्याही पडल्या होत्या.

तक्रार आली ती अशी: 'साहेब, आडक्यांचं जमा होतंय, कदमांचं होतंय, पण सुतार, सोनार, हळदे यांचं बटण दाबलं तर काहीच होत नाही.' एका वयोवृद्ध संचालकांनी तर बैठकीत सरळ विचारलं, की 'स' आणि 'ह'च्या लोकांवरच हा अन्याय का? आमच्या व्यवस्थापकांनी मला बोलावून तोच प्रश्न तशाच गंभीर चेहऱ्याने विचारला. तिथं मी काय उत्तर द्यायचं होतं, हे आपणच सांगा.

उत्तर सोपं होतं आणि आपल्यालाही ते ठाऊक असणार. पान तयार झालं की 'डॉक्युमेंट रेडी' एकदाच चालतं. त्यात आपण जेक्वेरीला फर्मावलंत, की जेवढी 'जमा' बटणं दिसतील तेवढ्यांना क्लिकचं फंक्शन बांध. तिने इमानेइतबारे बांधलं. तेव्हा पानावर आडके ते कदम एवढीच मंडळी होती. सुतार तेव्हा सर्व्हरवर होते. ते पानावर आले तेव्हा बांधाबांध कधीच उरकली होती. बटण तेच, रंग तोच, क्लास तोच, दाबलं की आत जाऊन बाहेरही येतं. मागे मात्र कोणीच नाही.

आणि जेक्वेरीची ती खानदानी अदब! तिला शून्य बटणं सापडली तरी ती 'बरं' म्हणते आणि गप्प बसते. साध्या जावास्क्रिप्टमध्ये 'क्वेरीसिलेक्टर'ला काही सापडलं नाही तर हातात 'नल' येतो, त्याला 'ॲडइव्हेंटलिसनर' म्हणायला गेलं की कन्सोलवर लाल अक्षरांत बोंब होते. निदान कळतं तरी. इथे कन्सोल स्वच्छ, नेटवर्कचा टॅब हिरवागार, आणि बाजारात एजंट बटणावर अंगठा घासतोय.

इथवर आपल्याला काहीही बोलण्याचा मला अधिकार नाही. या खड्ड्यात या धंद्यातला प्रत्येक जण एकदा पडतो. पडल्यावर आपण जो जिना बांधलात, त्यावर माझं उरलेलं पत्र खर्ची घालणार आहे.

आपण लिहिलंत: यादी सरकवली की पुढची नावं मागव, आणि त्यानंतर 'सेटटाइमआउट' लावून ३००० मिलिसेकंद थांब, मग पानावरच्या सगळ्या 'जमा' बटणांना पुन्हा फंक्शन बांध.

तीन सेकंद! हा मुहूर्त आपण कुठल्या पंचांगातून काढलात? ऑफिसातल्या वायफायवर नावं अर्ध्या सेकंदात येतात. म्हणजे पुढचे अडीच सेकंद बटणं नुसती शोभेची. माणूस दाबतो, काही होत नाही, चिडून पुन्हा दाबतो, आणि तेवढ्यात ती जिवंत होतात. आठवडी बाजारात, पत्र्याच्या शेडखाली, जिथे मोबाइलची रेंज एका काडीवर तगलेली असते, तिथे नावं यायला पाच सेकंद लागतात. तीन सेकंदांनी आपला कोड उठतो, बटणं शोधतो, जुनीच सापडतात, त्यांना बांधतो आणि कृतार्थ होऊन झोपतो. नवी नावं त्यानंतर येतात. सर्व्हरकडून उत्तर आल्याचा निरोप ब्राउझर स्वतःहून देतो, त्यासाठीच 'सक्सेस' नावाची जागा आहे. तिथे न बसता आपण घड्याळ लावून बसलात.

आता यातली खरी मौज पाहा. आपण नवीन बटणांना नाही, सगळ्या बटणांना बांधता. म्हणजे बाजारात दुसरा गट मागवला की आडक्यांना दुसरं फंक्शन चिकटतं, दुसऱ्या गटाला एकही नाही. तिसरा मागवला की आडक्यांना तिसरं, दुसऱ्या गटाला पहिलं, तिसरा गट कोरडा. शेवटच्या गटानंतर मागवायला कोणी उरत नाही, म्हणून सुतार आणि हळदे कायमचे मुके. आणि आडके? आडक्यांचं बटण एकदा दाबलं की तेच काम तीनतीनदा, चारचारदा. प्रत्येक वेळी आपण नवं निनावी फंक्शन देता. त्यामुळे 'हे आधीच बांधलंय' असं ब्राउझरलाही ओळखता येत नाही. तेच एक नाव असलेलं फंक्शन 'ॲडइव्हेंटलिसनर'ला दिलं असतं, तर दुसऱ्यांदा त्याने ते मुकाट्याने सोडून दिलं असतं. जेक्वेरी तेवढंही करत नाही, ती देणाऱ्याला कधीच नाही म्हणत नाही.

हे ऑफिसात कुणाला दिसलं नाही, कारण ऑफिसात सगळे खालचं नवं बटण दाबून बघतात. ते चाललं की चहा. वर जाऊन आडक्यांचं पुन्हा दाबून कोण बघणार?

बघणारा एक जण होता, एजंट. त्याचा बाजारातला रस्ता आडनावांच्या क्रमाने जात नाही. आधी सोनारांचं दुकान, मग कोपऱ्यावर आडक्यांची पानपट्टी, मग पलीकडे इंगळ्यांचं भाजीचं दुकान. तो यादीत खाली जातो, वर येतो, पुन्हा खाली जातो. आडक्यांचे १०० रुपये घेतले, बटण एकदा दाबलं, आणि खात्यावर ३०० जमा. संध्याकाळी शाखेत भरणा करायला गेला तर संगणक म्हणतो इतके आणि हातातली रोकड तितकी नाही. रोखपालाने काय समजावं? रोखपाल जे समजतात तेच त्यांनी समजलं.

अरे, तो माणूस कमिशनवर जगतो! पगार नाही, भत्ता नाही, उन्हातान्हात मोटरसायकल स्वतःची, पेट्रोल स्वतःचं. त्याने तुझ्या तीन सेकंदांची भरपाई खिशातून केली. एकदा नाही, जेव्हा जेव्हा हिशोब जुळला नाही तेव्हा तेव्हा केली, कारण 'मशीन चुकत नाही' हे त्याला शाखेत सगळ्यांनी सांगितलं. त्याच्याकडे बघायच्या नजरा बदलल्या. हे सगळं कशासाठी? एक ओळ कुठे लिहायची ते न कळल्यामुळे. (एकच भरणा दोनदा आला तर सर्व्हरनेही तो नाकारायला हवा होता, हे खरंच, सर्व्हरवाल्यांना वेगळं पत्र लिहीन.)

ती एक ओळ सांगतो. नवी नाही, गुपितही नाही. सोसायटीत रोज नवे भाडेकरू येत असतील तर प्रत्येकाच्या दाराशी वॉचमन नेमत नाहीत, फाटकावर एक बसवतात. बाहेर पडणारा प्रत्येक जण तिथूनच जातो. क्लिकचंही तसंच आहे. ती बटणावर घडते आणि तिथेच संपत नाही, ओळीकडे, ओळीकडून यादीकडे, यादीकडून पानाच्या माथ्यापर्यंत चढत जाते. नव्वदच्या दशकात यावरूनही दोन घराणी होती: नेटस्केपचं म्हणणं घटना वरून खाली उतरावी, मायक्रोसॉफ्टचं म्हणणं खालून वर चढावी. नोव्हेंबर २००० मध्ये डब्ल्यूथ्रीसीच्या मानकाने दोघांचंही ऐकलं, आधी उतरेल आणि मग चढेल. म्हणून फंक्शन बांधायचं ते यादीला, जी पहिल्यापासून पानावर असते, आणि तिला सांगायचं, की 'जमा' क्लासवरून आलेली क्लिक तेवढी उचल. मग सुतार पाच सेकंदांनी येवोत की पाच मिनिटांनी. जेक्वेरीने जानेवारी २००९ मध्ये यासाठी 'लाइव्ह' दिलं, ते सगळं ओझं पानाच्या माथ्यावर टाकायचं. नोव्हेंबर २०११ मध्ये १.७ या आवृत्तीत 'ऑन' आलं, त्यात कुठल्या पूर्वजाला बांधायचं ते आपल्या हाती असतं. 'लाइव्ह' तर जानेवारी २०१३ मध्ये १.९ मधून काढूनही टाकलं. तुझा कोड त्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेला आहे.

हे मी लगेच बदललं. आणि चाललं नाही! कारण प्रत्येक ओळीवर तू 'स्टॉपप्रोपॅगेशन' ठेवून गेला होतास. ओळीवर बोट लागलं की खातेदाराचा तपशील उघडायचा आणि यादीच्या बाहेर बोट लागलं की तो मिटायचा. ओळीवरच्या बोटाने तो उघडताक्षणी मिटू नये, म्हणून चढणारी क्लिक तिथेच दाबून टाकलीस. ती यादीपर्यंत पोचणार कशी? ते काढलं. आमच्याकडचा एक उत्साही पोरगा मध्येच म्हणाला, 'म्युटेशनऑब्झर्व्हर लावू या, नवीन काही आलं की कळेल.' परक्या विजेटवर पहारा ठेवायचा असता तर मीही लावला असता. दुसरा म्हणाला, 'रिॲक्टमध्ये हा प्रश्नच येत नाही.' येत नाही, कारण रिॲक्टनेच तो आधी याच वाटेने सोडवलेला आहे: सतराव्या आवृत्तीआधी त्याचे बहुतेक सगळे लिसनर 'डॉक्युमेंट'वर असत, २०२० पासून ते ॲपच्या मुळाशी असतात.

बाकी किरकोळ: वीस ओळींना एकच आयडी दिला आहेस, दुसऱ्या पानावर 'इनरएचटीएमएल'ला 'अधिक बरोबर' करून नवा मजकूर चिकटवताना जुनी बटणंही पुसून नव्याने जन्माला घातली आहेस, त्यांची बांधलेली फंक्शनं त्याच क्षणी गेली. असो.

आता जे सांगायचं नव्हतं ते सांगतो. राग आल्यावर मी गिटचा इतिहास उघडला, कोणाला शिव्या द्यायच्या ते नीट कळावं म्हणून. ती ओळ पहिल्यांदा लिहिली तेव्हा तिथे ५०० होते. मग १०००. मग २०००. मग ३०००. प्रत्येक बदलापुढे एक टिपण. 'बाजारातून तक्रार.' 'पुन्हा तक्रार, नेट स्लो.' शेवटच्या वेळी कोडमध्येच लिहिलेलं: 'हे कमी केलं तर तुटतं. का ते कळत नाही. कृपया हात लावू नका.'

म्हणजे एजंटांचे फोन कोणीतरी घेत होतं. तूच घेत होतास. आख्ख्या ऑफिसात बाजारातल्या रेंजचा विचार करणारा एकमेव माणूस तू होतास, आणि तुझ्या हातात फक्त तो एक आकडा होता. आकडा वाढवला की थोडे दिवस फोन थांबत असतील. त्या चारही नोंदींवर वरच्या माणसाची मंजुरी आहे, प्रत्येक ठिकाणी तीच दोन अक्षरं: 'ओके.' तुझ्याहून दहा वर्षांनी जुना माणूस. त्याला 'सेटटाइमआउट' दिसला नाही? दिसला असणार. त्याने तुला पाच मिनिटं खुर्ची ओढून बसवून घेऊन क्लिक कशी चढते ते दाखवलं असतं, तर एका माणसाचे पैसे वाचले असते. जुन्या फोनवर, खराब नेटवर एकदा चालवून बघ, एवढंही कोणी म्हणालं नाही. 'उद्या डेमो आहे' हे मात्र सगळ्यांनी म्हटलं असणार.

तेव्हा तुझ्यासाठी जमवून ठेवलेल्या शिव्यांपैकी निम्म्याहून अधिक आता त्या 'ओके'च्या नावावर वळत्या केल्या आहेत. उरलेल्या तुझ्याच आहेत, त्या मी देणार आहे.

जमाखर्च दुरुस्त करून एजंटाला पैसे परत मिळावेत म्हणून मी शाखेला लेखी कळवलं आहे, लॉग जोडून. ते अजून 'विचाराधीन' आहे. त्यांना कोणाकडून तरी असं ऐकायचं आहे, की मशीन चुकलं होतं. ते तू लिहून दिलंस तर वजन पडेल. कोड तुझ्या नावावर आहे. दोन ओळी पुरे.

आणि हो, पासबुकाच्या पानावर आणखी एक 'सेटटाइमआउट' सापडला आहे. ५०००. त्याच्याशेजारी काहीच लिहिलेलं नाही. तो कशाची वाट बघतोय, ते तेवढं उलट टपाली कळव.

तुझाच,
तुझ्या खुर्चीवरचा