आपण नेमके कुठे आहोत? हर्सूलच्या होतकरू जॅझ ड्रमरसाठी सूचना

सर्वप्रथम अभिनंदन. हर्सूलमध्ये राहून जॅझ ड्रमर व्हायचं ठरवलंत, म्हणजे तुम्हाला स्पर्धा फारशी नाही. किरकोळ अडचणी मात्र आहेत. 'सध्या हर्सूलला असतो' असं सांगितलं की परगावचा माणूस आवाज खाली आणून 'कधी सुटणार?' असं विचारतो, कारण त्याला हर्सूल म्हणजे फक्त मध्यवर्ती कारागृह ठाऊक. आणि 'घरी ड्रम आणलाय' म्हणालात तर शेजारी 'किती लिटरचा?' असं विचारतील. नळाला रोज पाणी न येणाऱ्या शहरात हा प्रश्न रास्तच आहे. दोघांनाही हसून उत्तर द्या आणि पुढे वाचा.

साहित्याबद्दल फार लिहीत नाही. डीजे आल्यापासून लग्नातले ऑर्केस्ट्रे बसले, त्यामुळे कुणा जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याच्या माळ्यावर एखादा सेट धूळ खात पडलेला असतोच. घासाघीस करून आणा. राइड सिंबल तेवढं वाजवून बघून घ्या, बाकी चालतं. उजवा हात राइडवर, डावा पाय हाय-हॅटवर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला. पूर्वी ढोलकी किंवा तबला वाजवला असेल तर हे काही महिन्यांत अंगवळणी पडतं. जे वर्षानुवर्षं अंगवळणी पडत नाही त्यासाठी ही मार्गदर्शिका आहे: चाल सुरू असताना आपण तिच्यात नेमके कुठे आहोत, हे प्रत्येक मात्रेला माहीत असणं.

आधी हिशेब. जॅझमधल्या पुष्कळशा जुन्या चाली ३२ बारांच्या असतात. एका बारात चार मात्रा, म्हणजे एक आवर्तन १२८ मात्रांचं. तीनतालाच्या १६ मात्रांवर वाढलेल्या माणसाला हा आकडा ऐकून घाम फुटतो. फुटू द्या. या ३२ बारांचे आठ-आठचे चार भाग पडतात: एक भाग, तोच पुन्हा, मग निराळा, मग परत पहिला. वादक याला ए-ए-बी-ए म्हणतात आणि मधल्या निराळ्या भागाला ब्रिज. सुरुवातीला सगळे मिळून मूळ चाल वाजवतात, ती हेड. मग एकेक जण त्याच ३२ बारांवर स्वतःची उपज करतो, कुणी दोन आवर्तनं, कुणी दहा. शेवटी पुन्हा हेड. हेड चालू असेपर्यंत कुणीही ड्रमर शहाणा दिसतो. सॅक्सोफोनवाला चालीपासून लांब गेला की खरी परीक्षा सुरू होते.

नवशिका इथे काय करतो? मोजतो. एक-दोन-तीन-चार, दोन-दोन-तीन-चार, असं पुटपुटत तो अकराव्या बारापर्यंत पोचतो आणि नेमकं तेव्हाच पियानोवाला काहीतरी सुंदर वाजवतो. याचं लक्ष तिकडे जातं आणि अकरा होते की बारा, ते कुणालाच कळत नाही. म्हणून सूचना अशी, आणि या पानावर एकच लक्षात ठेवायची असेल तर हीच ठेवा: मोजू नका, चाल मनात म्हणा. तोंडाने शब्दांसकट पाठ करा, भले इंग्रजीचे उच्चार चुकोत. ती आत चालू असली की तुम्ही तेविसाव्या बारात आहात हे सांगायला आकडा लागत नाही.

याचा सराव घराबाहेर करावा. संध्याकाळी हर्सूल तलावाच्या बाजूने निघा, एका पावलाला एक मात्रा धरा आणि चाल गुणगुणत चाला. दर आठ बारांनी, म्हणजे ३२ पावलांवर, उजव्या हाताची चुटकी. ब्रिज लागला की रस्त्याची बाजू बदला, संपला की परत या. टी पॉईंटला हा प्रयोग करू नका. तिथे ब्रिज लागला म्हणून कुणी गाडी थांबवत नाही.

तबला येत असेल तर एक जुनी ओळख इथे उपयोगी पडेल. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते. डग्गा गप्प होतो आणि डोळे मिटून बसलेल्या माणसालाही आपण आवर्तनाच्या मध्यावर आहोत हे कळतं. ए-ए-बी-ए मध्ये ते काम ब्रिज करतो. तिन्ही ए सारखेच, निराळा तो एकटा. तो ओळखता आला की सम आपोआप सापडते: ब्रिजनंतर आठ बार आणि मग नवं आवर्तन.

आता सापळा. कागदावर ए-ए-बी-ए साळसूद दिसतं, पण ते फिरू लागलं की शेवटचा ए आणि पुढच्या आवर्तनाचे पहिले दोन ए पाठोपाठ येतात. तीन ए, २४ बार, सगळे एकसारखे. चालू आहे तो यातला कितवा? भले भले इथे घसरतात. माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या तबकडीतली 'सो व्हॉट' ही चाल यासाठी उत्तम गुरू आहे. तिचा अख्खा ए एकाच स्वरमेळावर उभा आहे, आणि ब्रिजमध्ये तेच सगळं अर्ध्या स्वराने वर सरकतं. बस, एवढाच फरक. जिमी कॉब त्यात राइडवर साधा ठेका धरून बसला आहे. वाटतं, यात काय आहे? त्याच्यासोबत वाजवून बघा. २४ बार तुम्हाला काही घडत नाही म्हणून कंटाळा येईल, तुम्ही हौसेने एक मोठी फिल मारून नव्या आवर्तनाची घोषणा कराल, आणि बँड अजून दुसऱ्या ए मध्येच असेल.

फिलचं निघालंच आहे तर सांगतो. आठ बार संपताना छोटी खूण, ३२ संपताना मोठी. दर चार बारांनी तीच ती तडतड करणारा ड्रमर स्वतःला धीर देत असतो, बाकीच्यांना त्याचा काही उपयोग नसतो.

हिशेबातही चकवे आहेत. गेर्श्विनच्या १९३० च्या 'आय गॉट रिदम' या गाण्याचं मूळ आवर्तन ३४ बारांचं होतं, शेवटी दोन बारांची शेपटी. जॅझवाल्यांनी ती छाटून ३२ केली आणि त्या सांगाड्यावर पुढे असंख्य चाली बांधल्या. गायिका मूळ कागद घेऊन आली असेल तर ते दोन बार जिवंत असतात. आधी विचारून घ्या.

हे सगळं आपल्याकडे परकं आहे असं समजून बिचकू नका. एकादशीला कुठल्याही देवळात भजनाला बसा, पण गायकाकडे बघू नका, मृदंगवाल्याकडे बघा. डाव्या पुडीला ओली कणीक लावून तो निवांत बसलेला असतो. महाराज एखाद्या चरणात रमतात, तीच ओळ पाच वेळा, सात वेळा आळवतात. तोवर हा साधा ठेका सोडत नाही. मग महाराजांची मान जराशी वळते, श्वास भरला जातो, आणि ध्रुपद तोंडात यायच्या आधीच याची लग्गी सुरू झालेली असते. टाळकरी त्याच्यावर विसंबून उचलतात. हा माणूस काहीही मोजत नव्हता. त्याला अभंग पाठ होता. पैठणला नाथषष्ठीला गेलात तर अशी माणसं एका दिवसात कितीतरी पाहायला मिळतील, आणि फी पडणार नाही. फरक एकच: भजनात गायक रमला तर चरण थांबून राहतो, जॅझमध्ये फॉर्म कुणासाठी थांबत नाही. सॅक्सोफोनवाला कितीही तल्लीन होवो, आठ बार झाले की पुढचं दार उघडतं.

भजन नको असेल तर सिनेमा आहेच. मुखडा, म्युझिक, अंतरा, पुन्हा मुखडा हा क्रम रिक्षात बसून ऐकणाऱ्यालाही पाठ असतो. त्यातल्या काही गाण्यांत जॅझ आपल्या ओळखीच्या माणसांनीच आणून ठेवला आहे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांनी १९५१ च्या 'अलबेला'साठी चिक चॉकलेटला सोबत घेतलं. हा आल्दोनाचा गोंयकार, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत ट्रंपेट वाजवायचा. 'अलबेला' पुन्हा बघाच, त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेल्या गोव्याच्या वादकांच्या जिवावर मुंबईचे स्टुडिओ चालत होते. समोर कागद असल्यामुळे आपण कितव्या बारात आहोत हा प्रश्न त्यांना दिवसा पडत नसे. रात्री हॉटेलात कागद बाजूला ठेवला की पडत असे. आणि शोभा गुर्टूंचा मुलगा त्रिलोक आठवा. तबल्यापासून सुरुवात केलेला हा मुंबईकर जमिनीलगत बसून, तबला आणि सिंबल एकत्र मांडून, जगभरच्या जॅझवाल्यांसोबत वाजवत आला. घरात ठुमरी होती म्हणून त्याचं काही अडलं नाही.

आता सोलो, म्हणजे नवशिक्यांची सगळ्यात मोठी हौस आणि बँडची सगळ्यात मोठी भीती. आपल्याकडे तबल्याच्या सोलोला हार्मोनियम लेहरा धरते. वादकाने आकाशपाताळ एक केलं तरी सम कुठे आहे हे लेहरा सांगत राहतो. जॅझमध्ये ड्रमचा सोलो आला की बहुतेक वेळा सगळे वाद्यं खाली ठेवतात आणि तुमच्याकडे बघत बसतात. लेहरा बंद. तो तुम्ही मनात धरायचा: मूळ चाल आत म्हणत राहायची आणि हातांनी तिच्या अवतीभवती वाजवायचं. मॅक्स रोचचे सोलो ऐकताना चाल पुसट ऐकू येते ती यामुळेच. १९६६ च्या 'द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस'मध्ये तर त्याने दोन्ही पायांनी तीन मात्रांचा लेहराच लावून दिला आणि हात मोकळे सोडले.

अपवाद आपल्या सोयीचा आहे. डेव्ह ब्रुबेकचा चमू १९५८ साली भारतात येऊन गेला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी 'टेक फाइव्ह' ध्वनिमुद्रित केलं, पाच मात्रांचं. त्यात जो मोरेलोच्या सोलोखाली ब्रुबेक पियानोवर तेच तीन-अधिक-दोन सोडता सोडत नाही. हा शंभर टक्के लेहरा आहे. झपतालाच्या दोन-तीन, दोन-तीनला सरावलेल्यांनी इथे दोन आणि तीन यांची अदलाबदल करून घ्यावी. पहिला जाहीर सोलो याच चालीत घ्या आणि पियानोवाल्याला आदल्या दिवशी जेवू घाला.

सोलोची धाकटी बहीण म्हणजे चार-चार बारांची देवाणघेवाण. चार बार सॅक्सोफोन, चार बार तुम्ही. ३२ बारांच्या चालीत हे सरळ आहे: प्रत्येक भागातले मागचे चार बार तुमचे. पण १२ बारांच्या ब्लूजमध्ये बघा. बाराचे चौके होतात तीन. पहिल्या आवर्तनात सॅक्स, तुम्ही, सॅक्स. म्हणजे दुसरं आवर्तन उघडणार तुम्ही: तुम्ही, सॅक्स, तुम्ही. तिसऱ्यात परत तो आधी. ज्याला हे माहीत नाही तो दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर सॅक्सवाल्याकडे अपेक्षेने बघतो, सॅक्सवाला याच्याकडे बघतो, आणि चार बार श्रोते दोघांकडे बघतात.

आणि तरीही हरवलात तर? हरवणारच आहात. हात थांबवू नका. फिल बंद, क्रॅश तर अजिबात नाही. राइडवर साधा ठेका धरा आणि बासवाल्याचं ऐका. आवर्तनाच्या तोंडाशी तो बहुधा घरच्या स्वरावर येतो, ब्रिजला घर सोडतो. ब्रिज ओळखू आला की काम झालं. तोवर चेहरा असा ठेवा, की हे सगळं तुमच्याच मनाने चाललंय. बँडप्रमुखाने स्वतःच्या डोक्यावर हात ठेवला तर दचकू नका. तो कपाळाला हात लावत नाहीये, हेडवर परत या असं सांगतोय. दोन्ही हात डोक्याला लावले तर मात्र तुमचाच अंदाज बरोबर.

शेवट करताना बरेच बँड शेवटचा तुकडा तीनदा वाजवतात. त्याला ते टॅग म्हणतात. तुम्हाला ती तिहाईच समजून वाजवायला कुणाची हरकत नाही, फक्त चौथ्यांदा वाजवू नका.

सरावाच्या वेळेबद्दल: एरवी ब्रशने कालच्या पेपरवर वाजवा, आवाज भिंतीपलीकडे जात नाही. खरा ड्रम सेट उघडायचा तो नवरात्रात. हरसिद्धी मातेच्या यात्रेचे लाउडस्पीकर सुरू असतात तेव्हा तुमच्याविरुद्ध तक्रार करायला कुणाला तुम्ही ऐकूच येत नाही. वर्षाचा सोलो त्या नऊ दिवसांत बसवून घ्या.