पुढच्या गावात बघू

तुळशीबागेत खरेदी करण्याचं सगळं कसब एका गृहीतकावर उभं असतं: दुकान उद्याही तिथेच असणार. भाव विचारायचा, तोंड वाकडं करायचं, "बघून येते" म्हणून दोन पावलं पुढे जायचं आणि मागून हाक येते का याकडे कान लावायचे. हाक आली तर जिंकलो. नाही आली तर चार दुकानं फिरून पुन्हा त्याच दारात उभं राहायचं, आणि दुकानदारानेही ओळख न दाखवण्याचा सभ्यपणा पाळायचा. ही तालीम घेऊन आपण पॅरिसला उतरतो आणि टूर मॅनेजर सांगतो की उद्या सकाळी आठला बस ब्रसेल्सला निघणार. आता बघून यायचं तरी कधी?

अशा सहलीत काय घ्यायचं हा प्रश्न नसतोच. ते घरूनच ठरवून दिलेलं असतं. जाऊबाईंना परफ्यूम, भाच्याला स्विस चाकू, आणि शेजारच्या काकांना "काही नको हो, उगाच खर्च कशाला, पण तिकडची घड्याळं चांगली असतात म्हणे". प्रश्न असतो तो कुठे घ्यायचं हा. पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, कलोन, ब्लॅक फॉरेस्ट, लुसर्न, मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि शेवटी रोम अशी आमची यात्रा होती. पॅरिसमध्ये बसमधल्या यच्चयावत मंडळींचं धोरण एकच होतं. पुढच्या गावात बघू.

या धोरणाला आधार नव्हता असं नाही. पहिल्या गावात घेतलेली वस्तू पुढची नऊ गावं आपल्याबरोबर हिंडणार, हॉटेलांचे जिने चढणार, आणि विमानात तेवीस किलोंच्या हिशोबात बसणार. शिवाय पॅरिसमध्ये घेतलं आणि तेच ॲमस्टरडॅमला चार युरोंनी कमी निघालं, तर ते दुःख आयुष्यभर पुरतं. वस्तू महाग पडल्याचं माणूस विसरतो. ती दुसरीकडे स्वस्त होती हे कळलं की विसरत नाही. म्हणून आमच्या ह्यांनी निघतानाच एक वही घेतली होती. दुकानात शिरायचं, भाव बघायचा, रुपयांत करायचा, वहीत लिहायचा आणि बाहेर पडायचं. विक्रेत्या मुली सुरुवातीला त्यांना टॅक्स खात्याचा माणूस समजत असाव्यात, कारण फार अदबीने वागायच्या.

गंमत म्हणजे असं नुसतं बघून बाहेर पडण्याची मुभा जगाला मिळाली त्यात पॅरिसचाच मोठा हात आहे. पूर्वी तिथे दुकानात पाऊल टाकलं की काहीतरी घेतल्याशिवाय निघणं अवघड असे, आणि भाव गिऱ्हाईक बघून सांगितला जाई. आरिस्तिद बुसिको नावाच्या गृहस्थाने 1852 पासून 'बों मार्शे' या दुकानात वस्तूंवर किमतीच्या चिठ्ठ्या लावल्या, कुणीही यावं, बघावं, न घेता जावं असं जाहीर केलं, आणि न आवडलेला माल परत घेण्याचीही सोय ठेवली. एमिल झोलाने 1883 मध्ये अशाच एका महादुकानावर अख्खी कादंबरी लिहिली. बुसिकोने आम्हाला बघायचा हक्क दिला खरा, पण त्या चिठ्ठीने घासाघीस संपवली, हा व्यवहार मला काही पूर्ण फायद्याचा वाटत नाही. तुम्ही दारातून निघालात तर तिथे कुणी मागून हाक मारत नाही. "ओर्व्हुआर" म्हणतात, तेही हसून.

बसमध्ये गणिताचे एक निवृत्त सर होते. त्यांनी ब्रसेल्सच्या वाटेवर माइक मागून घेतला. सगळ्यांना वाटलं अंताक्षरी. सर म्हणाले, आपली अडचण गणिताने केव्हाच सोडवली आहे. एकामागून एक पर्याय समोर येतात, सोडलेला पर्याय परत मिळत नाही, तर थांबायचं कुठे? 1960 मध्ये मार्टिन गार्डनरने हे कोडं एका मासिकात मांडलं होतं. उत्तर असं की पहिले साधारण 37 टक्के पर्याय नुसते बघायचे, काही झालं तरी घ्यायचे नाहीत. त्यानंतर आतापर्यंतच्या सगळ्यांहून सरस असं जे पहिल्यांदा दिसेल ते डोळे मिटून उचलायचं. दहा गावांचे 37 टक्के म्हणजे ॲमस्टरडॅम उलटून थोडं पुढे. "म्हणजे कलोनपासून पाकिटं उघडा," असा निकाल सरांनी दिला आणि बसने टाळ्या वाजवल्या. कोल्हापूरच्या काकू तेवढ्या म्हणाल्या, "पण सर, परफ्यूम पॅरिसचं आणि चाकू स्वित्झर्लंडचा. एका गावात दोन्ही बघायचं तरी कसं?" सरांनी माइक परत केला. काकूंनी दोन वाक्यांत त्या गणिताचं गृहीतक मोडलं होतं, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

करपरतीची भानगड निराळीच. युरोपीय संघाबाहेरच्या पाहुण्याला खरेदीवरचा व्हॅट परत मिळतो, पण एका दुकानातलं बिल ठरावीक रकमेच्या वर गेलं तरच. ही रक्कम देशागणिक बदलते: फ्रान्समध्ये 100 युरो, हॉलंड-जर्मनीत 50, इटलीत 2024 पासून 70. फ्रान्सचा व्हॅट 20 टक्के, पण मधल्या कंपन्यांची कापाकापी जाऊन हातात बारा टक्क्यांच्या आसपास पडतात. पॅरिसमध्ये आमच्यातल्या एका जोडप्याचं बिल 88 युरो झालं होतं. परतावा बुडू नये म्हणून त्यांनी आयफेल टॉवरची तीन चुंबकं आणि एक किचेन घेऊन ते 101 वर नेलं. बारा युरो मिळवण्यासाठी तेरा युरो खर्च केले, म्हणजे चुंबकं आणि किचेन मिळून एका युरोत पडलं, असं त्यांनी आम्हाला रोमपर्यंत पटवून दिलं. हे मात्र गप्प होते. वहीत ही नोंद कुठल्या रकान्यात करावी ते त्यांना सुचत नव्हतं.

ब्रसेल्सला चॉकलेटं घेतली ती लगेच संपली, त्यामुळे त्यांचा हिशोब राहिला नाही. ॲमस्टरडॅमच्या फुलबाजारात काकूंना गच्चीसाठी ट्युलिपचे कंद हवे होते. परदेशी कंद भारतात आणायला आयात परवाना आणि रोगमुक्त असल्याचा दाखला लागतो, हे ऐकून त्यांनी लाकडाचे ट्युलिप घेतले. ते अजून टवटवीत आहेत.

आणि मग कलोन. सरांच्या गणिताप्रमाणे जिथून सुरुवात व्हायची ते गाव. आम्ही पोचलो रविवारी. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. रविवारच्या विश्रांतीचं रक्षण तिथल्या राज्यघटनेत आहे. 1919 च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेनेही तसंच उचललं आहे. उघडं काय, तर स्टेशनातली दुकानं, खाण्याच्या जागा आणि कॅथेड्रल. पाकिटं उघडायला निघालेली सगळी बस निमूटपणे कॅथेड्रल बघायला गेली. फार सुंदर आहे ते. एरवी आम्ही त्याला दहा मिनिटं दिली असती.

ब्लॅक फॉरेस्टमध्ये मात्र पाय अडकतोच. भिंतभर कुकू क्लॉक लटकलेली, प्रत्येकाची वेळ वेगळी, त्यामुळे दर मिनिटाला कुठलं ना कुठलं दार उघडून पक्षी बाहेर येतो आणि बोलून आत जातो. दुकानदाराने एक घड्याळ मागून उघडून दाखवलं. आत दोन छोटे भाते आणि दोन शिट्ट्या. भाता उचलून सोडला की 'कु', दुसरा सोडला की दुसरा 'कू', एवढंच. खाली साखळ्यांना देवदाराच्या फळाच्या आकाराची लोखंडी वजनं. ती हळूहळू उतरतात आणि घड्याळ चालतं. एक दिवसाचं घड्याळ रोज ओढायचं, आठ दिवसांचं आठवड्यातून एकदा. पण आठ दिवसांच्या घड्याळाचं एकेक वजन किलोच्या वर. म्हणजे रोजचा आळस हवा असेल तर तो तेवीस किलोंतून कापून घ्यायचा. सेलवर चालणारी स्वस्त घड्याळंही होती. त्यांना प्रकाश कळतो, अंधार झाला की पक्षी गप्प. आमच्या सोसायटीचा विचार करता मला तीच सोयीची वाटली, ह्यांना नाही. "घ्यायचं तर भात्याचं," असं म्हणून त्यांनी भाव वहीत लिहिला. बसमधल्या निम्म्या लोकांना मात्र वाटत होतं की हे घड्याळ मूळ स्वित्झर्लंडचं, तिथेच घेऊ. या गैरसमजाला मोठा आधार आहे. 'द थर्ड मॅन' या 1949 च्या चित्रपटात ऑर्सन वेल्सचं पात्र ते स्विस लोकांच्याच नावावर टाकतं. खरं गाव हेच, आणि आम्ही ते मागे टाकून निघालो.

लुसर्नला पोचल्यावर प्रत्येक वस्तूवर दोन किमती दिसू लागल्या, फ्रँकमधली आणि मनातली. भाच्याचा चाकू घेतला. 1884 मध्ये कार्ल एल्सनरने जवळच्याच श्वित्स परगण्यात सुरू केलेल्या कारखान्याचा, तांबडा, त्यावर त्याचं नाव कोरून. कोरणं फुकट होतं म्हणून कोरून घेतलं, पण त्यामुळे तो चाकू आता दुसऱ्या कुणालाच देता येणार नाही हे ध्यानात घ्या. भाच्याने नाक मुरडलं तरी तो त्याचाच. आणि चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही, त्याची जागा खालच्या सामानात. चॉकलेटांचा प्रश्न अधिक नाजूक निघाला. टोबलरोनवरचं मॅटरहॉर्नचं शिखर 2023 पासून गेलं आहे. काही उत्पादन स्लोव्हाकियाला हलवल्यावर स्विस कायद्याप्रमाणे ते चित्र ठेवता येईना. डोंगराच्या त्रिकोणी आकाराचं चॉकलेट, आणि चित्रात कुठलातरी बिननावाचा डोंगर. काकूंनी ते वाचून परत ठेवलं. "बाहेरचंच घ्यायचं तर पुण्यात मिळतंय की."

माझं मत विचाराल तर युरोपात खरेदीची जागा एकच, आणि ती कुठल्याच टूरच्या पत्रकात नसते: वाणसामानाचं सुपरमार्केट. तिथे गावातले लोक त्यांच्या पिशव्या घेऊन आलेले असतात, भाव त्यांच्यासाठी असतात आणि कुणी आपल्याकडे बघत नाही. लुसर्नच्या सुपरमार्केटात मला 'रेक्स' नावाचं सोलाणं सापडलं. ॲल्युमिनियमची वाकवलेली पट्टी, दोन टोकांमध्ये हलतं पातं, आणि एका बाजूला बटाट्याचे डोळे काढायला छोटासा कान. अल्फ्रेड नेवेचेर्झाल नावाच्या माणसाने हे 1947 मध्ये काढलं आणि 2004 मध्ये स्विस टपालखात्याने त्यावर चक्क तिकीट काढलं. वजन नाही, काच नाही, किंमत थोडक्यात, आणि दुधी सोलताना साल कागदासारखी निघते. मी मूठभर घेतली. ह्यांनी विचारलं, "अजून इटली राहिलीय, तिथे भाव बघायचा नाही का?"

इटलीत शिरताना सीमेवर बस थांबली. संघाबाहेरचा देश सोडताना तिथल्या परताव्याचे कागद तिथेच शिक्क्याला द्यायचे असतात. पण स्वित्झर्लंडचा परतावा 300 फ्रँकच्या पुढे. आमच्या बसमधून एकही माणूस उतरला नाही. मिलानच्या काचेच्या छपराखालच्या बाजारात, 'गॅलेरिया'त, 1913 पासूनचं प्राडाचं दुकान आहे. याच प्राडाच्या 2025 च्या जूनमधल्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली होती आणि आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली चप्पल, आणि तिथे सुरुवातीला नावही नाही. प्रेरणा भारतातली आहे हे कंपनीने मागाहून मान्य केलं. काकू त्या काचेसमोर बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "आमच्या सासऱ्यांची यापेक्षा जास्त करकरायची."

व्हेनिसच्या मुरानो बेटावर भट्टीसमोर एका कारागिराने लाल काचेच्या गोळ्यातून चिमट्याने ओढत ओढत उधळलेला घोडा केला. मान, आयाळ, चार पाय. एखादा मिनिट लागला असेल. 1291 मध्ये आगीच्या भीतीने व्हेनिसच्या भट्ट्या इथे हलवल्या, हे सांगेपर्यंत मागचं दार उघडून आम्ही विक्रीच्या दालनात पोचलोही होतो. व्हेनिसभर दिसणारी सगळीच काच मुरानोची नसते. अस्सल मालावर 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो'चं चिन्ह शोधावं लागतं. शोधलं. सापडलं. किंमत वहीत गेली. फ्लॉरेन्समध्ये चामड्याच्या पिशव्यांनी थोडा मोह घातला, आणि रोममध्ये पदपथावर चादर अंथरून बसलेल्या पोऱ्यांनी अधिकच. त्या नकली बॅगा घेणाऱ्यालाही इटलीत 300 पासून 7,000 युरोंपर्यंत दंड होऊ शकतो, हे टूर मॅनेजरने मोठ्याने सांगितल्यावर बसमधल्या दोघीतिघींनी आपापल्या पिशव्या सीटखाली सारल्या.

जाऊबाईंचं परफ्यूम शेवटी रोमच्या विमानतळावर ड्यूटी फ्रीमध्ये घेतलं. पॅरिसच्या भावापेक्षा अकरा युरो जास्त. ह्यांच्याकडे लेखी पुरावा आहे. काकांना घड्याळाऐवजी सोलाणं दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि "वेळ कुठे दिसते?" असं विचारलं. शेजारच्या काकूंनी मात्र ते आत घेऊन जाऊन त्याच संध्याकाळी बटाटे सोलले आणि दुसऱ्या दिवशी बहिणीसाठी अजून एक मागितलं.

पुढच्या मे महिन्यात माझी मैत्रीण युरोपला चालली आहे. तिने ह्यांची वही मागितली, आणि ह्यांना झालेला आनंद बघवत नव्हता. एवढंच की तिची टूर रोमला सुरू होऊन पॅरिसला संपते. तेव्हापासून हे रोज रात्री जेवणानंतर बसून ती वही शेवटच्या पानापासून पहिल्याकडे उतरवून काढताहेत.