सर्टिफिकेटवाले सर

कोसबाडच्या टेकडीखाली एका शाळेत आमचे सर शिकवतात. शिकवतात म्हणजे मुख्यतः शिकतात. जग जवळ आलंय, माणसानं मरेपर्यंत शिकत राहिलं पाहिजे, हे त्यांनी इतक्या वेबिनारांत ऐकलंय की आता झोपेतही बरळतात. 'दीक्षा' अ‍ॅपवरचे कोर्स संपले, तेव्हा ते परदेशी विद्यापीठांच्या फुकट कोर्सांकडे वळले. व्हिडिओ लावून मोबाइल भिंतीला टेकवायचा आणि तोवर आंघोळ उरकून घ्यायची, ही त्यांची अभ्यासपद्धती. परीक्षेची उत्तरं ग्रुपवर आधीच येऊन पडलेली असतात. 'स्वतंत्र विचार कसा करावा' हा कोर्सही सर असाच पास झाले.

त्यांचं लाडकं सर्टिफिकेट 'जागतिक संवादकौशल्या'चं. लॅमिनेट करून वर्गात लावलंय. पहिलीतली पोरं मात्र वारलीत बोलतात आणि ती सरांना कळत नाही. मग चौथीतली एक पोरगी दुभाषी म्हणून बोलावली जाते. तिच्याकडे सर्टिफिकेट नाही. पण ती भाताच्या आवणीच्या दिवसांत आईबरोबर शेतावर गेली, की पहिलीचा वर्ग मुका होतो.

सरांना तरी किती हसायचं! 'किती कोर्स झाले?' असं वरून विचारणारे पुष्कळ. 'पोरगं बोललं का?' हा रकाना कुठल्याच फॉर्मात नसतो.

परवा सर धापा टाकत आले.

"क्रांती आहे हो! मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनं मुलाकडे जायचं. भोवती जे मिळेल त्यातून शिकवायचं. फिनलंडच्या मॅडम सांगत होत्या!"

मी टेकडीकडे बोट केलं. म्हटलं, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि 1957मध्ये ते इथं वर आणलं. माँटेसरीचं महागडं साहित्य परवडेना, म्हणून शंखशिंपले, बिया, खडे, पानं घेतली. पोरं धाकट्या भावंडांना सोडून येईनात, तर भावंडांचीही सोय केली. गुरं राखणारी तरीही येईनात, तेव्हा शिक्षकच गुरांमागे रानात गेले. त्याला कुरणशाळा म्हणत.

सर भारावले. खिशातून पेन काढलं.

"कुरणशाळा... वा! किती तासांचा आहे? ऑनलाइन होतो ना?"