दादाची हजेरी

आमच्या घरातून इंजिनिअरिंगला गेलेला पहिला मुलगा म्हणजे थोरल्या काकांचा दादा. तो शिकायला म्हैसूरला होता. त्याचं कॉलेज ज्या विद्यापीठाला जोडलेलं, ते विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ, म्हणजे व्हीटीयू, मात्र आमच्या बेळगावात, मच्छ्याला. १९९८ साली ते सुरू झालं, तेव्हापासून कर्नाटकातल्या हजारो पोरांची नशिबं मच्छ्याला ठरतात. निकाल लागायचा आमच्या शेजारी आणि नापास व्हायला दादा रात्रभर बसमध्ये अवघडून म्हैसूरला जायचा. आज्जीला हा व्यवहार कधीच पटला नाही. "इथंच मच्छ्याला जाऊन इचारून ये की रं, काय कमी पडलं ते," असं ती दर निकालाला म्हणायची.

माझी एसएसएलसीची परीक्षा एप्रिलात संपली आणि बाबांनी मला दादाकडे पाठवायचं ठरवलं. कॉलेज कसं असतं ते आधी बघितलं की पोराला अभ्यासाचा हुरूप येतो, असा त्यांचा सिद्धांत होता. आईने कुंद्याचा डबा बांधून दिला. पोरं परगावी आहेत, सगळ्यांना थोडा थोडा दे, असं बजावलं. हॉस्टेल तिने पाहिलं नव्हतं हे उघड आहे.

म्हैसूरला जाण्यापूर्वी माझं आयुष्य कसं होतं ते सांगायला हवं. बेळगावात माणूस घराबाहेर पडला की त्याला प्रश्न सुरू होतात. खडेबाजारात चालताना दुकानातून हाक येते, "कुणाचा रे तू?" आपण बाबांचं नाव सांगायचं. मग आजोबांचं. मग मामाचं गाव. एवढी जबानी झाल्यावर, "मग इकडं काय करूलालास?" आणि आपण घरी पोचायच्या आत ती बातमी पोचलेली असते. शाळेत तर एका तासाला उशीर झाला तरी आईला संध्याकाळी भाजीच्या गाडीवर कळायचं.

त्यामुळे हॉस्टेलच्या फाटकावर वॉचमन दिसताच मी मनातल्या मनात वंशावळ जुळवायला घेतली. वॉचमनने वर्तमानपत्र खाली केलं नाही. मी आत गेलो. कुणी विचारलं नाही. जिन्यात टॉवेल गुंडाळलेला एक जण ब्रश तोंडात धरून भेटला, त्यानेही विचारलं नाही. मी उलट जरा थांबून पाहिलं, न जाणो त्याच्या तोंडात ब्रश आहे म्हणून गप्प असेल. तो तसाच निघून गेला.

दादाच्या खोलीत तीन खाटा होत्या आणि राहणारे किती ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. भिंतीला टेकून ड्राफ्टर उभा, त्यावर वाळत घातलेले मोजे. ड्रॉइंगच्या एका शीटवर उप्पिट ठेवलेलं होतं. कुठल्याशा यंत्राच्या छेदावर तेलाचा गोल उमटला होता आणि तो कंपासने काढलेल्या गोलापेक्षा नीट होता. बल्ब एकच, तोही उडालेला. हे लिहायचं कारण असं की त्याच रविवारी संध्याकाळी आम्ही राजवाड्याची रोषणाई बघायला गेलो. जवळजवळ एक लाख दिवे एकदम लागले आणि अख्ख्या गर्दीने 'आऽ' केलं, तेव्हा दादा एवढंच म्हणाला, "यातला एक काढला तर कळणार नाही कुणाला."

कुंद्याचं काय झालं ते मी पाहिलं नाही. डब्याचं झाकण उघडलं तेव्हा खोलीत चौघे होतो आणि मी चपला काढून वळलो तेव्हा अकरा-बारा जण होते, झाकण होतं, कुंदा नव्हता. पण त्या एका डब्यावर मी अख्ख्या मजल्याचा 'मगा' झालो. तिकडे सगळे एकमेकांना मगा म्हणतात, मगा म्हणजे पोरगा. माझी कानडी शाळेच्या पुस्तकातली अधिक बेळगावच्या बाजारातली. मी 'बर्री', 'होग्री' म्हटलं की ती पोरं सिनेमातला विनोदी नट आल्यासारखी खूश व्हायची आणि दुसऱ्या खोलीतल्यांना बोलावून मला पुन्हा म्हणायला लावायची.

गावाशी मात्र माझं लगेच जमलं. मोठी बाजारपेठ सयाजीराव रोडवर, म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांच्या नावाची. महाराजाज कॉलेजकडे जाणारा रस्ता झाशीच्या लक्ष्मीबाईंच्या नावाचा. आमच्याकडे पाटीवरच्या एका अक्षरावरून गाव बंद पडतं, आणि इथे दोन दोन मराठी नावं खांबावर निवांत ऊन खात उभी. दादाला मी हे मोठ्या कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, "जेएलबी रोड म्हणतात त्याला. लक्ष्मीबाई कुणाला ठाऊक नाही."

मेसमध्ये त्या रात्री रागी मुद्दे होतं. आम्ही ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली माणसं, नाचणी मला आंबील म्हणून माहीत, तीही ताप आल्यावर. ताटात एक तपकिरी, गुळगुळीत, वाफाळता गोळा येऊन बसला, मोठ्या पेरूएवढा. शेजारी पालेभाजीच्या पाण्याचं बस्सारू. मी घास तोडला आणि सवयीने चावला. तो चावला जात नाही. तो दातांना धरून बसतो, मग टाळूला धरतो, मग तोंड उघडायलाच परवानगी देत नाही. समोर मंड्याचा एक पोरगा बसला होता, त्याने ताट बाजूला सारून माझी शिकवणी घेतली. "अगीबेड मगा, नुंगु!" चावायचं नाही, गिळायचं. बोटांनी सुपारीएवढा गोळा काढायचा, सारूत बुडवायचा, जिभेवर ठेवायचा आणि विचार न करता आत सोडायचा. विचार केला की अडकतो. त्याचं हे शास्त्र इतकं पक्कं होतं की तो इंजिनिअरिंगचाही सगळा अभ्यास असाच करत असावा, अशी मला तेव्हाच शंका आली.

सकाळी दादाने मला त्याचा शर्ट घालायला दिला, वर्गात नेलं, शेवटच्या बाकावर बसवलं आणि म्हणाला, "माझा नंबर आला की 'येस सर' म्हण. मी चहा पिऊन आलो." चहा तो सलग तीन तास प्यायला.

व्हीटीयूच्या नियमात ८५ टक्के हजेरी लागते. आणि प्रत्येकाला एक लांबलचक यूएसएन नंबर असतो. म्हैसूरकडच्या कॉलेजांचा चारने सुरू होतो, बेळगावकडच्यांचा दोनने. सर त्यातले शेवटचे आकडेच वाचतात, त्यामुळे नाव, गाव, घराणं सगळं गळून पडतं आणि उरतो एक आवाज. वर्गात निम्मी पोरं होती आणि हजेरी जवळपास पूर्ण लागत होती. समोरच्या बाकावरच्या एकाने तीन वेगवेगळ्या आवाजांत उत्तर दिलं, त्यातला एक किंचित सर्दी झालेला होता. आमच्याकडे साखर कारखाने ज्या सहकारी तत्त्वावर चालतात त्याच तत्त्वावर ते ८५ टक्के उभे होते.

दादाचा नंबर आला. मी ताडकन उभा राहिलो, हाताची घडी घातली आणि "येऽस सर!" म्हणालो.

कॉलेजात उभं राहत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळा वर्ग मागे वळला. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांवर धड मिसरूडही नव्हतं आणि शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. आता हेडमास्तर, आता बाबांना फोन, आता भाजीची गाडी. सर म्हणाले, "कूत्को." बस खाली. आणि पुढचा आकडा वाचला.

तो तास थर्मोडायनॅमिक्सचा होता. सर फळ्यावर लिहीत होते आणि फळ्यावरचं उतरवून घेणं हे दहावीपर्यंत माझ्या हाडीमाशी भिनलेलं काम. मी दादाच्या वहीत वर तारीख आणि वार घातला, डाव्या हाताला समास आखला, कार्नोचं चक्र पट्टीने काढलं आणि खाली दुहेरी रेघ मारली. एक अक्षर कळत नव्हतं. एक अक्षर सुटलंही नाही. तास संपल्यावर सर माझ्या बाकापाशी थांबले, वही उलटून पाहिली आणि कानडीत म्हणाले, "अण्णाला सांग, उद्याही तूच ये."

मी गेलोही. कारण पुढच्या आठवड्यात त्यांची इंटर्नल होती आणि माझी वही तोवर झेरॉक्सच्या दुकानात जाऊन आली होती. रात्री जिन्यात, बाथरूमच्या रांगेत, मेसमध्ये, जिथे तिथे माझं बाळबोध अक्षर दिसायचं. एकाने तर मला अडवून समासात मारलेल्या रेघेचं महत्त्व विचारलं.

एवढं होऊनही मला माझं नाव कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी ही चैन वाटली होती. आता जरा राग यायला लागला. एका दुपारी मी मुद्दाम फाटकातून तीनदा आत-बाहेर केलं. वॉचमनने पान उलटलं.

दादाची ज्ञानसाधना संध्याकाळी कुक्करहळ्ळी तळ्याच्या बांधावर चालायची. पलीकडे मानसगंगोत्री, म्हैसूर विद्यापीठाचा परिसर, नाव कवी कुवेंपूंनी दिलेलं. विद्यापीठ १९१६ सालचं, ब्रिटिश मुलखाबाहेर निघालेलं देशातलं पहिलं. दादाने मला राधाकृष्णन यांची गोष्ट सांगितली. ते महाराजाज कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. १९२१ मध्ये कलकत्त्याला निघाले तेव्हा पोरांनी गाडीचे घोडे सोडले आणि स्वतः गाडी ओढत त्यांना स्टेशनवर नेलं. मी भारावून विचारलं, तुम्ही कधी असं काही केलं का? दादा विचार करून म्हणाला, "एकदा सरांची स्कूटर ढकलली होती. पेट्रोल संपलं होतं."

पण त्याचं खरं दैवत आर. के. नारायण. मालगुडीची पुस्तकं त्याने वाचली असतील असं मला वाटत नाही, चरित्र मात्र तोंडपाठ होतं. वडील हेडमास्तर, तरी नारायण विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाले, वर्षभर घरी बसून पुस्तकं वाचली. १९२६ मध्ये महाराजाज कॉलेजात आले आणि तीन वर्षांच्या बीएला त्यांना चार वर्षं लागली. "चार!" दादा बोटं नाचवून म्हणायचा. त्याचे स्वतःचे तेव्हा तीन विषय मागे होते आणि निकालाच्या आदल्या दिवशी तो हे चरित्र जरा मोठ्याने सांगायचा.

निघताना बसस्टँडवर त्याने मला पढवलं. घरी खोटं बोलू नकोस. बॅक किती आहेत असं काकांनी विचारलं तर सरळ नारायणांची गोष्ट सांग, त्यांना बरोबर समजेल.

बेळगावला पहाटे काका स्कूटर घेऊन उभे होते. बॅग पुढ्यात घेतली, मला मागे बसवलं आणि पहिल्याच चौकात विचारलं, "किती राहिलेत रे त्याचे?"

"काका," मी म्हणालो, "नारायणला पण चार वर्षं लागली."

काकांनी स्कूटर बाजूला घेतली. "हा नारायण कुणाचा?"

"म्हैसूरच्या हेडमास्तरांचा."

"हेडमास्तरांचं पोर आणि ही तऱ्हा!" काका कळवळून म्हणाले. "आज रात्रीच फोन करतो त्याला. आधी त्या नारायणची संगत सोड म्हणावं."