एक छोटासा प्रश्न

खगोलशास्त्राचं जाहीर व्याख्यान पुण्यात आयुकाला असो की मुंबईत नेहरू तारांगणात, सिद्धांतकाका दुसऱ्या रांगेत कडेला सापडणारच. कडेची जागा माइकसाठी. निवृत्त इंजिनिअर, खांद्याला शबनम, आत स्पायरल बाइंडिंग केलेला सिद्धांत.

वक्ता सांगत असतो, की १९३३ साली खगोलशास्त्रज्ञ झ्विकीला कोमा दीर्घिकासमूहात वस्तुमानाचा हिशेब जुळेना; हिशेबात कमी पडणारा, न दिसणारा तो पदार्थ म्हणजे डार्क मॅटर. काका पेपर तपासणाऱ्या मास्तरासारखे मान डोलावतात. शेवटी "एक छोटासा प्रश्न" म्हणून उठतात आणि प्रश्नचिन्हाचा पत्ता नसतो. सार एवढंच : "डार्क मॅटर दिसत नाही, कृष्णविवरही दिसत नाही. म्हणजे दोन्ही एकच! इतकं साधं कुणाला सुचलं कसं नाही?"

सुचलं होतं. विश्वाच्या बालपणीच छोटी कृष्णविवरं जन्मली असतील, हे हॉकिंगनं १९७१ मध्येच मांडलं. १९९०च्या दशकात शास्त्रज्ञ मोठ्या मॅगेलन मेघातल्या लक्षावधी ताऱ्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवून बसले. मधून कृष्णविवर गेलं, तर मागचा तारा काही काळ उजळतो. थोडे उजळले, हिशेब भागण्याइतके नाहीत. ताऱ्यांच्या मरणातून झालेली कृष्णविवरं तर साध्या पदार्थाच्याच खात्यावर, आणि डार्क मॅटर त्या पदार्थाच्या पाचपटीहून जास्त. आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट, पण अख्ख्या आकाशगंगेपुढे चिल्लरच.

वक्ता हे सगळं शांतपणे समजावतो. काका म्हणतात, "म्हणजे तुम्हाला तत्त्वतः मान्य आहे."

२०१५ साली लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेनं दोन कृष्णविवरांची टक्कर टिपली. सूर्याच्या तीसपटीच्या आसपासची ती जोडी पाहून, हेच ते डार्क मॅटर नाही ना, असं काही शास्त्रज्ञांनीच विचारलं. काकांनी सोसायटीत पेढे वाटले! पुढे शास्त्रज्ञांचा उत्साह ओसरला, काकांचा नाही.

खरी पंचाईत वेगळीच आहे. लघुग्रहाएवढं वस्तुमान आणि अणूच्या आसपासचा आकार असलेल्या आदिम कृष्णविवरांची शक्यता आजही कुणी पुरती मोडीत काढलेली नाही. त्यामुळे काकांना "साफ चूक" म्हणून खाली बसवता येत नाही. ती शक्यता काकांच्या फाइलीत नाही, हा भाग निराळा. फाइलीत समीकरणही नाही; अभिप्रायासाठी दोन कोरी पानं मात्र आहेत.

तेव्हा वाचकहो, पुढच्या व्याख्यानाला काका भेटले तर माइक त्यांना खुशाल द्या. फाइल तेवढी घेऊ नका.